दहा गाण्यांचे रसग्रहण

बाई, तुम्हाला डीजे आवडत नसे. शाळेसमोरून वरात जाऊ लागली की तुम्ही पुस्तक मिटून टेबलावर ठेवायच्या, खिडकीकडे पाहत गप्प उभ्या राहायच्या, आणि आवाज उसाच्या फडापलीकडे गेला की जिथे वाक्य सोडले होते तिथूनच ते पुढे सुरू करायच्या. म्हणून हे पत्र कुठून सुरू करावे हे मला दोन दिवस ठरवता आले नाही. शेवटी सरळच सांगते. मी डीजे आहे. तुम्ही पाहिलेला तो डीजे नव्हे. गाडीवर भिंतीसारखे रचलेले कर्णे आणि त्यांच्यापुढे नाचणारी गर्दी, ते काम माझा धाकटा भाऊ करतो. मी महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी, ढोकीच्या आमच्या घरी, माडीवरच्या खोलीत एका कानाला हेडफोन आणि समोर छोटा स्पीकर लावून बसते आणि तासभर एका गाण्याला दुसरे गाणे जोडत जाते. पुण्यातल्या चार-पाच जणांनी चालवलेल्या एका छोट्या इंटरनेट रेडिओवर ते ऐकू येते. ऐकणारे थोडे आहेत. मी कोण हे त्यांच्यापैकी कोणालाही माहीत नाही, रेडिओ चालवणाऱ्यांनाही नाही. नावाच्या जागी टोपणनाव आहे, फोटोच्या जागी शाईच्या दौतीचे चित्र आहे, आणि सगळ्यांचा समज असा आहे की मी पुरुष आहे. "भावा, एक नंबर," असे कोणीतरी दर वेळी लिहिते. मी ते दुरुस्त करीत नाही.

इतर दिवशी मी धाराशिवच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. सकाळची एसटी, दोन किंवा तीन तास, दुपारची एसटी. मुले मला घाबरत नाहीत आणि फारसे ऐकतही नाहीत, पण टिपणे मात्र मागून नेतात. आपल्या जिल्ह्यात डीजे म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर काय येते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. मराठीच्या मॅडम डीजे वाजवतात असे एकदा पसरले असते, तर पुढच्या वर्षी मला तासिका मिळाल्या असत्या की नाही, हे मला ठाऊक नाही. निदान मी स्वतःला तसे सांगत आले.

मी वाजवते ती गाणी लंडनकडची. या प्रकाराला यूके गॅरेज म्हणतात. हे नाव प्रथम ऐकले तेव्हा भाऊ म्हणाला होता, "गॅरेज? म्हंजे टायर खोलताना ऐकायचं व्हय?" एम.ए.ला पुण्यात असताना वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मुलीने तिच्या हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली आणि विचारले, काय वाटते? मला काय वाटले ते त्या वेळी सांगता आले नाही. आता सांगता येते. नेहमीच्या नाचाच्या गाण्यात खालचा जाड ठोका प्रत्येक मात्रेला पडतो, एक, दोन, तीन, चार, आणि पाय त्याच्या मागे आपोआप जातात. या गाण्यांत त्या ठोक्यांतले काही मुद्दाम काढून टाकलेले असतात. कानाला वाटते, आता पडेल, आणि तो पडत नाही. वरच्या बारीक झांजा किंचित उशिरा, जरा लंगडत येतात. गाणारीचा आवाज कापून त्याचे तुकडे केलेले असतात. एखादा शब्द अर्धाच येतो, पुन्हा येतो, आणि पूर्ण होत नाही. राहिलेली जागा ऐकणाऱ्याने आपल्या अंगाने भरायची. मी लग्नात कधी नाचले नाही, गॅदरिंगमध्येही नाही, हे तुम्ही जाणता. पण खुर्चीवर बसल्या बसल्या माझा खांदा हलला, आणि तो मी हलवला नव्हता.

या रेडिओची एक रीत आहे. वर्ष संपताना आम्हा प्रत्येकाला त्या वर्षातली आपली आवडती दहा गाणी क्रमाने द्यावी लागतात, आणि प्रत्येक गाण्याखाली चार-पाच ओळी लिहाव्या लागतात. सगळ्यांच्या याद्या एकत्र लावतात. त्या याद्यांत ज्यांची गाणी आहेत, त्यांच्यातल्या आपल्याकडच्या एखाद्या नवख्याला जानेवारीत पुण्याच्या छोट्या कार्यक्रमात लोकांसमोर वाजवायला बोलावतात. विलायतेतून कोणी येणार नसते, त्यामुळे या बोलावण्याला इथल्या मुलांच्या लेखी फार किंमत आहे. मी सलग तिसऱ्या वर्षी यादी करते आहे. इतर जण त्या ओळींमध्ये "आग आहे", "वेड लागले" असे लिहितात. मी रसग्रहण लिहिते. मला दुसरे काही येत नाही.

तेही तुमच्यामुळे. नववीची सहामाही. मी कवितेचे रसग्रहण लिहिले होते, आशयसौंदर्य, भावसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, एकही मुद्दा न गाळता, आणि प्रत्येक वाक्य गाईडमधून पाठ केलेले. तुम्ही पूर्ण गुण दिलेत. मग मधल्या सुट्टीत मला थांबवलेत आणि उत्तरपत्रिका पुढ्यात धरलीत.

"हे तुझं हाय का गाईडचं?"

मी खाली पाहिले.

"गाईडला आवडली कविता, ते कळलं मला. तुला आवडली का?"

"माहीत नाही, बाई."

"मग आधी ते ठरव. आवडली का न्हाय. का आवडली, ते मागनं शोधायचं असतंय. तू उलटं करायलीस. सौंदर्य आधी शोधून ठेवायलीस अन् मग आवडून घ्यायलीस."

गुण तुम्ही कापले नाहीत. ते कापले असते तर मी विसरून गेले असते. आज यादी करताना मी तोच नियम पाळते. आधी गाणे ऐकते आणि वहीत फक्त आवडले किंवा नाही एवढे लिहिते. आठवड्याने पुन्हा ऐकते. दोन्ही वेळा आवडले असेल तरच कारण शोधायला बसते. वर्षाअखेरीला वहीत चाळीसेक गाणी उरतात आणि त्यांतून मी दहा काढते, जसे तुम्ही बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे खोलीचे दार लावून तपासायच्या, तसे.

यंदाचे पहिले गाणे एका बाईच्या आवाजाचे आहे. त्या आवाजातून सगळी व्यंजने खोडून फक्त स्वर ठेवल्यासारखे वाटते. ती काय म्हणते ते साडेचार मिनिटांत एकदाही कळत नाही, आणि तिला कोणीतरी उत्तर द्यावे असे मात्र शेवटपर्यंत वाटत राहते. दुसरे गाणे वेगाने जाणारे. त्याचा खालचा आवाज चढणीला लागलेल्या ट्रॉलीसारखा घरघरतो आणि मग एकदम हलका होतो. त्या क्षणासाठी मी ते अनेकदा ऐकले. तिसरे नाचाचे, सरळ चालीचे, त्यात पियानो आहे. ते मी यादीत घेऊ नये असे मला वाटत होते, कारण ते सगळ्यांनाच आवडले आहे, पण आवडलेले लपवणे हेही गाईडमधून लिहिण्यासारखेच होते. मग लीड्सच्या एकाचे, ब्रिस्टलच्या एकीचे. त्या ब्रिस्टलच्या मुलीच्या गाण्यात ढोल जवळजवळ नाहीच. कोणी कागदावर बोटे आपटावीत तेवढाच आवाज, आणि तरीही मान हलते. हे सगळे मी शांतपणे लिहीत गेले. अडचण सहाव्या गाण्यापाशी आली. ते माझ्या भावाचे होते.

तुम्ही त्याला पाचवी-सहावीतला पाहिला असेल. आता चोविशीचा आहे, दोन मित्रांबरोबर डीजेची गाडी चालवतो, लग्नसराईत घरी टिकत नाही. माझा शनिवारचा तास माडीवरून खाली झिरपत असे आणि तो जिन्यात बसून ऐकत असे, हे मला बरेच उशिरा कळले. या उन्हाळ्यानंतर त्याने लॅपटॉपवर स्वतःचे एक गाणे केले. त्यात हलगी आहे, पण ती जिथे वाजायला हवी तिथे वाजत नाही, किंचित मागे सरकून वाजते. कारखान्याच्या भोंग्याचा एक लांब सूर आहे, तो त्याने इतका ताणला आहे की तो कोणी गाते आहे असे वाटते. आणि मधोमध आईचा आवाज आहे. "जेवायला ये की रं," ही तिची रोजची हाक त्याने तिला न सांगता मोबाईलवर घेतली, कापली, आणि फक्त "ये की" आणि "रं" असे दोन तुकडे ठेवले. ते तुकडे एकमेकांशी भांडत गाणेभर येतात. आईने ते ऐकले तेव्हा ती म्हणाली, "मी एवढ्यांदा हाका मारल्या अन् तू ते भरून ठेवत बसलास व्हय? जेवाय आला असतास तर गाणंच झालं नसतं."

त्याने मला पेनड्राइव्ह दिला आणि दारात उभा राहिला. त्याला सर्वजण गाडीवाला म्हणतात. लोकांच्या फर्माइशी वाजवणारा. हे त्याने स्वतः केलेले पहिलेच काही होते. "आक्का, यंदा तुझ्या यादीत बसतंय का बघ," तो म्हणाला. "बसलं तर पुण्याला तरी जाईन, एकदा तरी लोक माझं ऐकतेल. न्हाय बसलं तर तसं सांग." मी तीन वेळा ऐकले, आठवडाभराच्या अंतराने. तिन्ही वेळा वहीत आवडले असे लिहिले. मग दोष शोधले. शेवटचे मिनिट रेंगाळते; कुठे थांबावे ते त्याला ठरवता आलेले नाही. आणि खालचा आवाज गढूळ आहे, कारण त्याने तो अंगणात, आपल्या गाडीच्या स्पीकरच्या मोठ्या खोक्यांवर ऐकून जुळवला. मोकळ्या रानात तो आवाज पसरून निघून जातो, बंद खोलीत तो तसाच तुंबून राहतो. अशी चूक आपल्याकडच्या माणसाकडूनच होऊ शकते. तरीही, इतर सगळ्यांशी तोलून पाहिल्यावर, त्याची जागा माझ्या वहीत सहावी आली.

बुधवारी मी यादी पाठवली. तिच्यात भावाचे गाणे नव्हते. सहाव्या जागी सातवे सरकवले आणि दहाव्या जागी एक असे गाणे घेतले, जे केवळ यादी भरावी म्हणून घेतले. भावाने विचारले, कसे वाटले? मी म्हणाले, ठीक आहे. तो "बरं" म्हणाला आणि वायरींचे भेंडोळे खांद्यावर टाकून गेला.

त्या क्षणी मला तुमचे स्वयंपाकघर आठवले, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

दहावीचे वर्ष, जानेवारी. शाळेचे हस्तलिखित दर वर्षी तुम्हीच काढायच्या. एकच प्रत, जाड कागद, कापडी बांधणी, आणि वाचनालयाच्या कपाटात कुलूपबंद. त्या वर्षीचा विषय होता, मला आवडलेले गाणे. बारा लेख निवडायचे होते. वर्गातल्या बहुतेकांनी भक्तिगीते आणि देशभक्तिपर गीते लिहिली. मी वरातीतल्या डीजेवर लिहिले. गाणे कोणते ते मला ठाऊकही नव्हते. पत्र्याच्या छपरातून आत आलेला ठोका, मांडणीवरच्या थाळ्यांची थरथर, आणि भाकरी थापताना क्षणभर थांबलेला आईचा हात, एवढेच त्यात होते. "शब्द मला ऐकू आलेच नाहीत, आणि तरीही ते गाणे मला आवडले," असे एक वाक्य होते. आयुष्यात प्रथमच गाईडशिवाय काही लिहिले होते आणि ते मी तुमच्यासाठीच लिहिले होते. तुमच्या नियमाने.

यादी लागली. माझे नाव लेखकांमध्ये नव्हते. खाली होते, सुवाच्य लेखन, म्हणून. बारा जणांचे लेख मी माझ्या अक्षरात उतरवायचे होते.

सलग चार रविवार मी तुमच्या घरी येते आहे. शाळेमागची ती दोन खोल्यांची जागा. तुम्ही स्टोव्हपाशी बसून शेंगदाणे भाजता आहात, मी पाटावर कागद ठेवून इतरांची आवड सुंदर अक्षरात लिहिते आहे. काळी शाई, शीर्षकाला निळी. तुम्ही मधूनच उठून माझ्या खांद्यावरून पाहता.

"अक्षर उतरणीला लागलंय. मन कुठं हाय?"

"इथंच आहे, बाई."

"इथं असतं तर ओळ सरळ गेली असती."

मी विचारले नाही. माझा लेख का घेतला नाही, हे पाच शब्दांचे काम होते, आणि मला ते चार रविवारांत जमले नाही. शेवटच्या रविवारी तुम्ही मला जेवायला बसवलेत. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तेल. वाढून झाल्यावर घडी घातलेला माझा कागद ताटाशेजारी ठेवलात. "घरी ने. सांभाळून ठेव," म्हणालात. सांभाळून ठेव हे तुम्ही मोडक्या छत्रीबद्दलही म्हणायच्या, त्यामुळे त्यातून काही कळले नाही. घरी जाऊन उघडला तर सबंध लेखावर एकच खूण होती. शब्द ऐकू आलेच नाहीत, त्या वाक्याखाली लाल रेघ. चुकीखाली तुम्ही लाल रेघ मारायच्या, आणि चांगल्या ओळीखालीही. दोन्हींसाठी तुमच्याकडे एकच पेन होते.

मी ती चूक आहे असे धरले. पुढे अकरावीला धाराशिवला गेले. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा कळले की तुम्ही गेलात. पोटाचे काहीतरी होते आणि शाळेत कोणालाही माहीत नव्हते. आई म्हणाली, भेटून यायला हवे होते. मी म्हणाले, हो. आणि अभ्यासाला बसले. मला तेव्हा रडू आले नव्हते, आणि आजही हे लिहिताना येत नाही. तुम्हाला खोटे आवडत नसे, म्हणून सांगते.

परंतु या बुधवारी, भाऊ "बरं" म्हणून गेल्यावर, मला एक दुसरी गोष्ट आठवली. निवडीच्या आधी कधीतरी मी वह्यांचा गठ्ठा घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आले होते. आत गणिताचे सर तुम्हाला म्हणत होते, "बाई, अंकाचं पहिलं पान तुमच्या लेकीचं असंल की यंदा." सगळे हसले. तुम्हीही हसलात. वर्गातल्या मुली मला बाईंची शेपटी म्हणत, ते मला ठाऊक होते. तुमच्यापर्यंतही ते पोचले असेल, हे मी कधी मनात आणले नव्हते. तेरा वर्षे मी समजत होते की माझा लेख वाईट होता. आता असे वाटते की कदाचित तो चांगला होता आणि मी तुमची होते. यातले कोणते खरे, हे सांगणारे आता कोणी नाही. हस्तलिखित मी तीन वर्षांपूर्वी शाळेत जाऊन पाहिले. माझे अक्षर अजून काळेभोर आहे. लेख बरेचसे सामान्य आहेत.

आज रविवार. यादी संध्याकाळपर्यंत बदलता येईल, असा पुण्याहून सर्वांना निरोप आला होता. दुपारी भाऊ अंगणात खोकी उघडून वायरी जोडत बसला होता. मी उंबऱ्यात येऊन उभी राहिले. मग जे तुम्हाला विचारता आले नव्हते त्याचे उत्तर निदान त्याला न मागता द्यावे, असे ठरवले.

"तुझं गाणं चांगलं आहे," मी म्हणाले.

त्याने मान वर केली नाही. "परवा ठीक हाय म्हणलीस."

"ठीक म्हणाले, कारण... चांगलं आहे."

"मास्तरीण झाल्यापास्नं तुझं असंच हाय. पास झालो का नापास, तेच कळंना."

"पास."

"मग यादीत का न्हाय?"

"तू माझा भाऊ आहेस म्हणून."

त्याने पक्कड खाली ठेवली. "म्हंजे मी परका असतो तर घेतलं असतंस?"

"हो."

"आई!" त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली. "मी दत्तक आलोय असं सांग की आक्काला. तेवढं कागद करून दे आजच्या आज."

"दत्तकच घ्यायचं असतं तर जरा कामाचं बघून घेतलं नसतं व्हय?" आतून आई म्हणाली.

मी हसले. त्यालाही हसू आले, पण ते लगेच गेले. पक्कड उचलून तो वायर सोलू लागला आणि वायरीकडेच पाहत म्हणाला, "भाऊबिऊ काय न्हाय, आक्का. माझं नाव आलं की खाली गाव ढोकी येणार. मग लोक म्हणणार, ह्यो ढोकीचा, ह्याला ह्या दौतवाल्यानं कुठनं हुडकला? अन् तुझं कळंल. त्याला भ्यालीस तू."

मी उंबऱ्यापाशी पडलेला वायरीचा तुकडा उचलला.

"भ्यावं की. माझं काय म्हणणं न्हाय," तो म्हणाला. "पर माझ्यावर ढकलू नको. मी भाऊ हाय म्हणून न्हाय म्हणलीस तर मला वाटणार, आपण भाऊ नसतो तर बरं झालं असतं. तसं कशाला?"

तो लहानपणापासून अभ्यासात मागे आहे. मी घरात हुशार समजली जाते. मी उंबऱ्यातून वर माडीवर गेले.

निःपक्षपातीपणा हा शब्द मी गेले चार दिवस मनात घोळवत होते आणि त्याच्या आडून तुमचीही बाजू समजून घेत होते. तुमचे काय होते ते मला माहीत नाही. माझे मात्र त्याने सांगितले तेच होते. मी लॅपटॉप उघडला. शेवटचे गाणे काढले. ते काढताना वाईट वाटले नाही. भावाच्या गाण्याखाली पाच ओळी लिहिल्या. हलगी मागे सरकते तेव्हा काय होते ते लिहिले, भोंगा कसा गातो ते लिहिले, "ये की" आणि "रं" यांच्यामधली जागा कोणाला भरावी लागते ते लिहिले. दोषही लिहिले, दोन्ही. आणि सहावी ओळ लिहिली: हे गाणे करणारा माझा धाकटा भाऊ आहे, आम्ही ढोकीचे, मी मराठी शिकवते, आणि निवड करताना मला या नात्याचा विसर पडला होता असा माझा दावा नाही. खाली टोपणनावाऐवजी माझे नाव लिहिले. पाठवायचे बटण दाबण्यापूर्वी मी ते दोनदा वाचले, शुद्धलेखनासाठी.

अर्ध्या तासाने पुण्याहून उत्तर आले. "भावा..." आणि त्याच्याखाली लगेच, "सॉरी. ताई. मॅडम? यादी मिळाली. तुमचा भाऊ जानेवारीत येईल का?" मी लिहिले, त्यालाच विचारा. फोन नंबर दिला. खालून फोनची रिंग ऐकू आली आणि मग बराच वेळ त्याचे "व्हय, व्हय, व्हय" ऐकू येत राहिले. उद्या सोमवार आहे. महाविद्यालयात कोणाला कळेल की नाही, आणि कळले तर काय, हे मला माहीत नाही. सकाळची एसटी नेहमीचीच पकडायची आहे.

हे पत्र या वहीतच राहील. तुम्ही असता तरी मी ते तुमच्या हातात दिले नसते, एवढी मी बदललेली नाही. पण एक गोष्ट कोणा परीक्षकालाच सांगण्यासारखी आहे, म्हणून ती इथे लिहून ठेवते. नव्या यादीत भावाचे गाणे चौथे आहे. तो विचारेल, पहिले का नाही? त्याला मी रेंगाळणारे शेवटचे मिनिट आणि गढूळ आवाज ही कारणे सांगेन, आणि ती खरी आहेत. लीड्सचा तो मुलगा आणि ब्रिस्टलची ती मुलगी एकेक जागा खाली गेले, त्यांना यातले काही कधी कळणार नाही. बाई, माझ्या वहीत भावाचे गाणे अजूनही सहावेच आहे.